साडेतीन महिने पाळी नाही, तरी थांबायचं?

«मावशी, मी २३ वर्षांची. सातारा जिल्ह्यातल्या गावातून एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात आलेय. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती. ती बंद केल्यावर पाळी आली, पण त्यानंतर साडेतीन महिने आलेलीच नाही. आधीही दोन-दोन महिन्यांनी यायची. वजन वाढलंय, हनुवटीवर राठ केस येतात. आई म्हणते, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं. रूममेट म्हणते, मेडिकलमधून पाळी आणायची गोळी घे. डॉक्टर आतून तपासतील म्हणून भीती वाटते. सातवीतल्या बहिणीचीही पाळी मागेपुढे होते.»

अगं, त्या गोळीमुळे हे झालेलं नाही. ती बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, तशी तुला आलीही. पण तुझी पाळी त्याच्या आधीपासूनच लांबत होती, आणि त्याकडे कुणी नीट पाहिलं नाही.

पाळी सुरू झाली तो दिवस पहिला धरून पुढची पाळी सुरू होईपर्यंतचे दिवस मोजायचे. पाळी संपल्यापासून मोजलं की हिशेब चुकतो. तुझ्या वयात २१ ते ३५ दिवसांचं अंतर ठीक. एखादा महिना पुढेमागे झाला तर घाबरायचं कारण नाही, परीक्षेच्या ताणानंही तसं होतं. पण सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवायचंच.

आईचं म्हणणं मायेपोटी आहे, पण लग्नानं हार्मोन्स बदलत नाहीत. बीज वेळेवर सुटत नसलं की गर्भाशयाचं अस्तर गळून न पडता जाड होत जातं. मग एखाद्या वेळी इतकं अंगावरून जातं की थांबता थांबत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. आपल्याकडे मुलीच्या पाळीचा विचार मूल होण्याच्या वेळी सुरू होतो, तोवर तिनं सगळं अंगावर काढायचं. मला याची मनापासून चीड येते. तुझी तब्येत आज, तुझ्यासाठी महत्त्वाची आहे.

मेडिकलमधली गोळी नको. तिनं पाळी येईलही, पण कारण तसंच राहील. तू लिहितेस त्यावरून पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्सचा तोल बिघडून बीज वेळेवर न सुटण्याच्या त्रासाची शक्यता वाटते, पण थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) बिघडल्यानंही पाळी लांबते. पत्रावरून निदान करता येत नाही, नुसत्या सोनोग्राफीवरूनही नाही. डॉक्टर तुझी माहिती विचारतील, रक्त तपासतील, साखरही पाहतील, कारण पीसीओएसमध्ये मधुमेहाचा धोका जास्त असतो. तसं निघालं तर उपचार आहेत, आणि वजन पाच टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते.

संबंध आला असेल तर आधी प्रेग्नन्सी किटनं तपासून घे. डॉक्टरही हे विचारतील. खरं सांग, त्यात लाजायचं काही नाही.

आतून तपासण्याची भीती मला समजते. सोनोग्राफी पोटावरूनही होते, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी धरून बसायचं, इतकंच. तुझ्या संमतीशिवाय कुणी आतून तपासू शकत नाही. ‘मला नको’ म्हणायचा तुला हक्क आहे. संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर माग, मैत्रिणीला सोबत ने. पैशांची अडचण असेल तर औंधच्या जिल्हा रुग्णालयात जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या जेवढ्या तारखा आठवतील तेवढ्या लिहून ने, आणि गौरीतल्या गोळीचंही सांग.

मधेच पाळी आली आणि तासाला एक पॅड भिजू लागलं, चक्कर आली, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जायचं.

टेस्ट सिरीज आहे म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. याच आठवड्यात जा आणि काय झालं ते मला कळव.

बहिणीचं वेगळं आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंत अंतर पडू शकतं. तिला फक्त तारखा लिहायला शिकव. तीन महिने खाडा पडला, किंवा आठवडा उलटूनही रक्तस्राव थांबला नाही, तर मात्र तिलाही दाखवा.