फळ्यावरच्या दोन ओळी

प्रश्न : आमच्या तालमीच्या दारात फळा आहे. वाढदिवस, निधन वार्ता, सुविचार मीच लिहितो. गेल्या महिन्यात लिहिलं, 'गटारीचं काम कागदावर पुरं, बोळात पाणी गुडघाभर. पैसे कुणी खाल्ले ते भाऊंना विचारा.' भाऊ म्हणजे आमचे माजी नगरसेवक. त्यांचा निरोप आला, 'कार्यकर्त्यांच्या भावना दुखावल्यात, पोलिसांत देतो.' अध्यक्षांनी रात्रीतच फळा पुसला. मग अभिव्यक्तिस्वातंत्र्य गेलं कुठं?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी अध्यक्षांचं बघू. घटनेच्या १९व्या कलमातलं भाषणस्वातंत्र्य सरकारनं तोंड दाबू नये म्हणून आहे. फळा तालमीचा, खडू तेवढा तुमचा. तेव्हा हे भांडण बैठकीत करा, कोर्टात नको. (तालमीचा सेक्रेटरी असताना मीही एकदा ओल्या फडक्यानं फळा पुसलाय. सकाळी अक्षरं पांढुरकी दिसत होती, आणि एरवी न थांबणारी माणसं सायकल टेकवून ती अक्षरं लावून वाचत होती.)

तुमच्या दोन ओळी मात्र कायद्याला सारख्या नाहीत. पाणी गुडघाभर आहे ना? तारखेसकट फोटो काढा, बिलाची नक्कल माहितीच्या अधिकारात मागा, मग पहिल्या ओळीला कुणी हात लावू शकत नाही. दुसरी ओळ म्हणजे नाव घेऊन केलेला आरोप. 'विचारा' म्हटलं की सुटलो, असा आपल्याकडं गोड गैरसमज आहे. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बदनामीला फौजदारी गुन्हा ठेवणं घटनेत बसतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये ठरवलं. मला तो निकाल पटलेला नाही, पण आज कायदा तोच. सार्वजनिक कामाबद्दल सद्हेतूनं मांडलेल्या मताला त्याच कलमात अपवाद आहे. 'पैसे खाल्ले' हे मत म्हणून खपणार नाही, पुरावा लागेल.

'पोलिसांत देतो' हा मात्र नुसता दम. बदनामी अदखलपात्र आहे. भाऊंना स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढं फिर्याद मांडावी लागेल, आणि तिथं गटारीचं बिलही निघेल.

आता भावना. १९(२) मध्ये निर्बंधांची कारणं मोजून दिलीत: देशाची सुरक्षा, सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, चिथावणी वगैरे. भावना त्यात नाहीत. धार्मिक भावनांचं कलम वेगळं, तेही जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेल्या अपमानापुरतं. कार्यकर्त्यांच्या भावनांना कलम नाही! २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन झोंबणारं लिहिणं गुन्हा ठरवणारं ६६अ कलम रद्द करताना न्यायालयानं चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला. पहिल्या दोन्ही कुणाला कितीही झोंबल्या तरी चालतात. ही रेघ प्रत्येक देश वेगळी ओढतो. अमेरिकेत १९६९ पासून तात्काळ दंगा घडवण्याच्या चिथावणीपर्यंत बहुतेक बोलणं चालतं. जर्मनीत ज्यूंचं हत्याकांड नाकारणं हाच गुन्हा. २०२३ च्या जूनमध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून आपल्याच गावात दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. तेव्हा रेघच नको, असं मी म्हणणार नाही. पण तुमचं गटार त्या रेघेच्या कितीतरी अलीकडं आहे.

असं लिहा: 'काम पुरं झाल्याची नोंद आहे. बोळात आजही पाणी आहे. बिल कुणी मंजूर केलं?' आणि फळ्याची उजवी बाजू भाऊंना मोकळी ठेवा. नको म्हणाले, तर जाहीर सभांचा बिंदू चौक आहेच.