कुंदा, मेंदूतली साखर आणि भाच्याचे उंदीर

प्रश्न : डॉक्टरबाई, माझ्या आत्तींना (सासूबाईंना) अल्झायमर आहे. आता मेंदूचा पेट स्कॅन (मेंदूत साखर कुठं किती वापरली जाते ते दाखवणारी तपासणी) करायला सांगितलाय. या आजारात मेंदूत साखर कमी वापरली जाते असं मालकांच्या वाचनात आलं, तेव्हापासून ते आईला रोज दोन-तीन चमचे कुंदा (दुधाची गोड मिठाई) भरवतात. बेंगळुरूला प्रयोगशाळेत असलेला भाचा म्हणतो, ‘आमच्या काही उंदरांत तर साखर जास्त दिसते.’ खरं काय मानायचं? कुंदा द्यायचा का? – एक सून, निपाणी

उत्तर : ताई, औषध म्हणून कुंदा देऊ नका. माझ्या वडिलांना हाच आजार होता. शहापुरातल्या घरी ते कुंदा खाल्ल्याचं विसरून पुन्हा मागायचे आणि मी देत गेले. रक्तातली साखर चढली, रात्री लघवीला उठणं वाढलं, अंधारात दोनदा पडले. शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या हातून हे झालं, म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते.

स्कॅनसाठी टोचतात ते एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं ग्लुकोजचं भावंड. पेशी त्याला साखर समजून आत घेते, फॉस्फेट चिकटवते, पण पुढच्या पायरीवर ते अडतं आणि तिथंच साठतं. जिथं काम जास्त तिथं चित्रात उजेड जास्त. अल्झायमरमध्ये मेंदूचे मागचे आणि कानशिलाकडचे काही भाग मंद दिसतात. तुमच्याकडं गळीत हंगाम पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. कारखान्याची निम्मी यंत्रं बंद पडली की गेटातून आत जाणाऱ्या ट्रॉल्या कमी होतात. शिवारात ऊस असतोच. आणखी ऊस आणून ओतला म्हणून गाळप वाढत नाही. आत्तींच्या मेंदूत मुख्यतः पेशींमधले जोड तुटलेत. साखर दारापर्यंत पोचते आहे.

भाचाही खोटं बोलत नाही. उंदराला हा आजार आपोआप होत नाही. माणसाच्या आनुवंशिक अल्झायमरमधली बिघडलेली जनुकं त्याच्यात घालतात. ‘५एक्सएफएडी’ या जातीत असे पाच बिघाड असतात. मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, पण अशा बऱ्याच जातींत चेतापेशी माणसाइतक्या मरत नाहीत. उलट त्या साचलेल्या गाळाभोवती मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या सफाईच्या पेशी, गोळा होतात आणि त्या साखर भरपूर ओढतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदराच्या मेंदूतल्या पेशी वेगवेगळ्या करून मोजल्या, तेव्हा मायक्रोग्लियात दर पेशीमागं सगळ्यांत जास्त एफडीजी सापडलं. म्हणजे उजळ दिसलेला भाग निरोगीच असेल असं नाही. तिथं आग विझवणारे जमलेले असू शकतात.

शिवाय उंदराचा मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. यंत्राला साधारण मिलिमीटरपेक्षा बारीक दिसत नाही, त्यामुळं डोळ्यामागच्या ग्रंथीचा उजेड मेंदूच्या पुढच्या भागावर सांडतो. आणि उंदीर काही यंत्रात स्वस्थ पडून राहत नाही. त्याला भूल द्यावी लागते, आणि भुलीनं मेंदूचा साखरेचा वापरच घटतो. आयसोफ्लुरेन हे भुलीचं औषध दिलं तर रक्तातली साखरही चढते. यावरची एक युक्ती मला फार आवडते. उंदराला जागेपणी टोचायचं, अर्धा-पाऊण तास पिंजऱ्यात फिरू द्यायचं आणि मग भूल देऊन चित्र काढायचं. एफडीजी अडकून बसलेलं असतं, त्यामुळं चित्र बरंचसं जागेपणाचंच मिळतं. भाच्याला विचारा : उंदीर किती महिन्यांचे होते, उपाशी होते का, टोचताना जागे होते का? एका प्रयोगशाळेत साखर कमी आणि दुसरीत जास्त दिसते, त्यातला बराच फरक या उत्तरांत सापडेल.

उपाशी का, हे तुमच्याही कामाचं आहे. रक्तात साधी साखर जास्त असली की ती एफडीजीशी दारातच स्पर्धा करते आणि सगळं चित्र फिकं पडतं. स्कॅनआधी निदान चार तास आत्तींना पाण्याशिवाय काही देऊ नका. नेमके तास केंद्रावर विचारा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधीच सांगा. मालकांनाही समजावा, त्या सकाळी मायेपोटीसुद्धा चमचा पुढं करायचा नाही. टोचल्यावर त्यांना मंद उजेडाच्या खोलीत शांत बसवतात. अनोळखी जागी त्या घाबरतील, म्हणून जवळ कुणी बसू शकेल का हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. घरी आल्यावर साखर ठीक असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर चमचाभर कुंदा द्या, त्यांना आवडतो म्हणून.