आधी कुलूप लावा, विकायचं मग बघू

प्रश्न : आम्ही इंदिरानगरला राहतो. मी 67, यजमान 74, सातपूरच्या कंपनीतून निवृत्त. पेन्शन 2,900, बँकेत 34 लाख. त्यांना पार्किन्सन्सची सुरुवात आहे. परदेशातला मुलगा म्हणतो, फ्लॅट विका आणि गंगापूर रोडच्या पुढे ज्येष्ठांच्या संकुलात जा. डिपॉझिट 25 लाख, वर दोघांचे महिना 42,000. काय करावं?

उत्तर : ताई, जायचं तर जा, पण फ्लॅट विकून नको.

अशा ठिकाणी आधी बाग दाखवतात, मग देऊळ, मग कॅरम. तुम्ही एवढंच विचारा : हे अंथरुणाला खिळले तर ठेवणार का? ‘स्वतःचं स्वतः करणारे’ एवढ्यांनाच घेणारी ठिकाणं बरीच आहेत, आणि ती अट करारात पार मागच्या पानावर असते. पार्किन्सन्स वाढत जाणारा आजार. मदतनिसाचे पैसे 42,000 मध्ये धरलेत का, आणि निघायचं झालं तर 25 लाखांतले किती, किती दिवसांत परत, हे लेखी घ्या.

माझ्या सासूबाई नाशिकरोडच्या घरी चार वर्षं पडून होत्या. तेव्हाची डायरी मी ठेवली आहे. दवाखान्याचा खर्च दोन पानांत आटोपतो. बाकी सगळं मावशींचा पगार, डायपर, एअर बेड, परत डायपर. ब्युरोच्या मावशी दिवाळीला गावी गेल्या की बदली बाई वाट्टेल ते मागायची आणि मी, बँकेत तीस वर्षं काढलेली, मुकाट्यानं द्यायची. मेडिक्लेममधून यातलं काही सुटलं नाही. यजमानांचं आयुष्मान वय वंदना कार्ड जरूर काढा. सत्तरी झालेल्यांना उत्पन्न न बघता वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण तेही रुग्णालयात दाखल झाल्यावरच.

आता हिशेब. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दोघांच्या नावे 15-15 लाख ठेवा. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500. उरलेले 4 लाख अडीनडीला हाताशी. संकुलात तीन महिने बिनडिपॉझिट राहून बघता येतं का विचारा. नाहीच म्हणाले तर दुसरीकडे बघा. तेवढे दिवस घराला नुसतं कुलूप. पटलं तर अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट भाड्यानं द्या. समजा 15,000 आले, तर पेन्शन धरून 38,400 होतात. 25 लाखांचं डिपॉझिट आणि महिन्याचे वरचे 3,600 मुलानं घालावेत. सल्ला त्याचाच आहे ना!

एक काम मात्र याच महिन्यात करा. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं. सही जुळत नाही म्हणून चेक परत करताना समोरच्या आजोबांचा चेहरा मी काउंटरवरून पाहिलाय. बँकेतली खाती दोघांच्या नावे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणा एकाच्या सहीवर चालणारी, करून घ्या, आणि त्यांची सही नीट येते आहे तोवर मृत्युपत्रही उरकून टाका.