डी अँड डीमध्ये दोनशे ऑर्कची लढाई मिनिएचर मांडून कशी चालवावी?

डी अँड डी म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा कल्पित साहसांचा खेळ. पाच खेळाडू, गाव राखणारे साठ पहारेकरी आणि समोर दोनशे ऑर्क, म्हणजे त्यातले राक्षसी शत्रू. एवढं सगळं टेबलावर कसं बसवायचं, हा तुमचा प्रश्न. सगळं बसवू नका, असं मी सांगेन.

आम्ही भुसावळला खेळतो, उन्हाळ्यात रात्री गच्चीवर. पहिल्या मोठ्या लढाईत मी चाळीस ऑर्क सुटे मांडले आणि प्रत्येकाचा फासा वेगळा टाकला. एका फेरीला दीड तास लागला. खेळातले सरले फक्त सहा सेकंद! पोरं पाळी संपली की मोबाइल काढून बसत होती, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

यावर उपाय या खेळाच्या जन्माआधीपासून आहे. डी अँड डी १९७४ मध्ये आलं ते ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळातून, आणि त्यात एक बाहुली म्हणजे वीस माणसं. तोच हिशोब धरा. दोनशे ऑर्कचे दहा दस्ते, साठ पहारेकऱ्यांचे तीन. दस्त्याला मी सोडा बाटलीचं बूच वापरतो आणि त्यात चार चिंचोके ठेवतो. दोन दस्ते भिडले की दोन्हीकडून वीस बाजूंचा एकेक फासा, कमी पडेल त्याचा एक चिंचोका जातो. तटाआड किंवा उंचावर असलेल्याला दोन जादा. हा नियम माझा आहे, पण दोन वर्षं टिकलाय.

महागड्या मिनिएचर बाहुल्या फक्त नायकांभोवती, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांभोवती, मांडा. तिथे एक बाहुली एक जीव, पाच फुटांचा चौकोन, नेहमीसारखं. नायकांच्या तीन फेऱ्या झाल्या की बुचांची एक चाल. त्या चालीत पहारेकऱ्यांचे दस्ते खेळाडूंच्याच हातात द्या. एवढ्यानेच टेबल जागं राहतं.

नायकावर ऑर्कचा घोळका पडला तर फासे टाकूच नका. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या डंजन मास्टर गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकात) यासाठी तक्ता आहे. ऑर्कला हल्ल्याच्या फाशावर अधिक पाच मिळतात. नायकाचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १८ असेल तर फाशावर १३ हवेत, आणि १३ ला तक्ता सांगतो की तिघांमागे एक वार लागतो. बारा ऑर्क म्हणजे चार वार, प्रत्येकी सरासरी ९ इजा, एकूण ३६. झालं.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, धीर. दोनशे ऑर्क मारायचे नसतात, पळवायचे असतात. डी अँड डीच्याच १९८१ च्या बेसिक नियमांत ऑर्कचा धीर ८ आहे. दोन साधे फासे टाका, बेरीज ८ च्या वर गेली की पळाले. पण म्होरक्या मेला तर तोच धीर ६ वर येतो. पळण्याची शक्यता ३६ मधल्या १० वरून थेट २१ वर जाते! मी निम्मे चिंचोके गेले की दस्त्याचा धीर तपासतो, आणि म्होरक्या पडला की सगळ्यांचाच. म्हणजे नायकांना काम मिळालं: म्होरक्यापर्यंत पोचा, तोवर पहारेकरी तगले पाहिजेत.

मैदान मात्र मोकळं ठेवू नका. मी धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरच्या किल्ल्यावरून मांडणी घेतली. एका बाजूला तापी (निळी ओढणी), आत शिरायला दरवाजा. तट केळीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचा. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेने थाळनेर घेतलं तेव्हाही बाहेर तोफा असून इंग्रज अधिकारी पडले ते दिंडी दरवाज्याच्या आतल्या चिंचोळ्या जागेत. अशा जागी चार माणसं शंभरांना अडवू शकतात, आणि चार-पाच नायकांना नेमकं तेवढंच हवं असतं.

ही मांडणी खेळलो त्या रात्री दोन नायक दरवाज्यात पाय रोवून उभे होते, तिघं नदीकडून मागे गेले. म्होरक्या पडला तेव्हा आमच्याकडे एकाच बुचात दोन चिंचोके उरले होते. मी दस्त्यागणिक फासे टाकत गेलो, नऊ, सात, दहा, आणि कोपऱ्यातून एक जण ओरडला, “पयनात रे भो!”