ख्रिश्चन युथ ॲडव्हेंचर कॅम्पला पहिल्यांदा जातोय, बायबल फारसं वाचलेलं नाही, ऑड वाटेल का?

अजिबात नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला मत्तय आणि मार्क या बायबलमधल्या दोन पुस्तकांतला फरकही सांगता आला नसता, कोणी परीक्षा घेतली नाही. साधारण सकाळी थोडा वेळ एकट्याने वाचन-प्रार्थना, मग दिवसभर ट्रेक, क्लाइंबिंग, रॅपलिंग (दोराने कडा उतरणं), रात्री शेकोटीभोवती गाणी आणि कोणाची तरी साक्ष, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव सांगणं. साक्ष द्यायची जबरदस्ती नसते, आणि कोणी केलीच तर सरळ नाही म्हणायचं.

खरी फाटते ती रॅपलिंगला. कड्याच्या टोकाला दरीकडे पाठ करून उभं राहायचं आणि मागे रेलायचं, दोर ताणला जाईपर्यंत पोटात गोळा, आणि बहुतेक जण घाबरून कड्याला चिकटतात तिथेच पाय घसरतो, उलट पाय फाकवून दगडावर सपाट ठेवले आणि नीट मागे बसलं की बूट छान पकड घेतात. आम्हाला आदल्या संध्याकाळी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 121 वं स्तोत्र, ते डोंगरांचं, वाचायला दिलं होतं, तेव्हा जांभया देत होतो, कड्यावर बरोब्बर आठवलं बघा.

हार्नेसचं (कमरेला बांधायच्या पट्ट्यांचं) बकल आणि कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) लॉक स्वतःही बघ, इन्स्ट्रक्टरने बघितलं असलं तरी. दमा, ॲलर्जी असेल तर फॉर्मवर लपवू नकोस, इनहेलर खिशात ठेव, बॅगेत नाही. हेडटॉर्च, जास्तीचे मोजे घे. बूट मात्र वापरलेलेच, मी कोरे नेले आणि दोन दिवस टाचेवरच्या फोडांशी प्रार्थनापूर्वक झगडत बसलो 😅