तीस हजार फेडायचे आहेत, हातात गेमिंग आहे

"ताई, मी 21 वर्षांचा आहे, मानेवाड्याला राहतो, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम चांगला खेळतो, माझा पीसीही मीच जोडलाय. पैसे लावून खेळायच्या एका अ‍ॅपवर 30 हजार घालवून बसलो. त्यातले 18 हजार मित्राचे आणि 12 हजार मामाजींकडून फीच्या नावाने घेतलेले. घरी कोणालाच माहीत नाही. टेलिग्रामवर एक जण म्हणतो, बँक खातं महिनाभर वापरायला दे, 5 हजार घे. दुसरा म्हणतो, पेड कस्टम रूम लाव, रोजचे सुटतात. मला तीन महिन्यांत पैसे उभे करायचे आहेत. कधी वाटतं, त्याच अ‍ॅपवर एकदा नीट खेळलो तर निघतील. रात्री झोप लागत नाही. काय करू?" — आर., मानेवाडा

प्रिय आर.,

आधी ते खातं. कोणत्याही परिस्थितीत देऊ नकोस. भाड्याने घेतलेल्या खात्यातून फिरतो तो बहुतेक दुसऱ्या कुणाचा तरी लुबाडलेला पैसा असतो. ज्याचा गेला तो 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाचा माग काढत पोलीस खात्यापर्यंत येतात आणि तिथे आधार, पॅन, सही सगळं तुझं असतं. टेलिग्रामवरचा माणूस तोवर नाव बदलून मोकळा झालेला असतो. खातं गोठतं, परराज्यातल्या पोलीस ठाण्यातून नोटीस येते आणि उद्या नोकरी लागली तरी पगार घ्यायला खातं उरत नाही. पासबुक, एटीएम कार्ड किंवा सिम आधीच दिलं असशील तर उद्याच शाखेत जा, व्यवहार थांबवायचा लेखी अर्ज दे, त्याच्या प्रतीवर शिक्का घे आणि 1930 वर स्वतःहून कळव.

पेड कस्टमचंही तेच. गेममध्ये खासगी सामना लावायचा, पोरांकडून एंट्री फी घ्यायची, जिंकणाऱ्याला त्यातूनच द्यायचं आणि उरलेलं आपलं, हा प्रकार नागपुरात गल्लोगल्ली चालतो, म्हणून तो तुला साधा वाटतो. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला. जिंकायच्या आशेने पैसे भरून खेळायचा ऑनलाइन खेळ त्यात बंद झाला, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. ई-स्पोर्ट्सला वाट आहे, पण मान्यता आणि नोंदणी असलेल्या स्पर्धांना. असा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे. रूम तू लावलीस की चालवणारा तू ठरतोस.

आणि ते "एकदा नीट खेळलो तर". बंदीनंतरही एपीके (प्ले स्टोअरबाहेरून टाकायची अ‍ॅपची फाइल) पाठवून जी अ‍ॅप्स चालू आहेत, ती जिंकलेला पैसा अडवतात आणि दाद मागायला कुठे जागा नसते. ते अ‍ॅप काढ, तो टेलिग्राम ग्रुप सोड. झोप उडणं आणि गेलेलं परत मिळवायची ओढ, हे दोन्ही एकत्र असेल तर 14416 वर बोल. टेलिमानसची ही सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पैसे फेडले की ओढ आपोआप जाईल असं धरून चालू नकोस, ती वेगळी हाताळावी लागते.

आता कमाईचं. तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य "पीसीही मीच जोडलाय" हे आहे, आणि ते तू जाता जाता लिहिलंस. उन्हाळा तोंडावर आहे. पारा 45 कडे सरकला की गेमिंग लॅपटॉप तापून अडकायला लागतात. त्यातून अर्धी पोरं कूलरच्या थेट ओल्या हवेत लॅपटॉप ठेवतात, त्यामुळे धूळ आत चिकटून बसते. लॅपटॉप आतून साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलायची, एकाचे 500 रुपये. सामानाला साधारण 60 रुपये जातात.

वॉरंटीतला लॅपटॉप घेऊच नको. बाकीचा घेताना मालकासमोर चालू कर. स्क्रीन, कीबोर्ड, कॅमेरा, चार्जिंग बघ आणि जे बंद आहे ते त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाक. नाहीतर कीबोर्डची आधीच बंद पडलेली की तुझ्या माथी येते. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून 15 मिनिटं गेम चालव आणि तापमानाचा फोटो काढ. प्रोसेसर साधारण 95-100 अंशांवर गेला की स्वतःच वेग कमी करतो, म्हणून गेम अडकतो. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी काढायचं. स्क्रू कागदावर ज्या जागेचे त्या जागी मांडून ठेव. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरच्या पॅनेलला भोक पडतं. हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंजवळ बहुतेक आकडे कोरलेले असतात, सोडवताना उलट्या क्रमाने आणि कसताना सरळ क्रमाने जा.

नुसता बाहेरून ब्लोअर मारणारे इथेच चुकतात. खरी धूळ पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधल्या फटीत घट्ट पट्टी होऊन बसलेली असते. पंखा काढल्याशिवाय ती दिसतही नाही, ब्रशने अख्खी ओढून काढावी लागते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेव, मोकळा भरधाव फिरू दिला तर बेअरिंग जातं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे, नवीचा पातळ, सगळीकडे पोचेल असा थर दे. थर्मल पॅड (चिपवरची उष्णता नेणारी मऊ पट्टी) फाटलं तर त्याच जाडीचं बसव. अर्धा मिलिमीटर जास्त झालं तरी हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि लॅपटॉप पहिल्यापेक्षा जास्त तापतो. पेस्टऐवजी चांदीसारखा चकाकणारा द्रव दिसला तर तो लिक्विड मेटल आहे. त्याच्यातून वीज वाहते, थेंब बोर्डावर गेला तर बोर्ड गेला. हीटसिंक उचलल्यावर मागे फिरणं अवघड असतं, म्हणून मॉडेलमध्ये लिक्विड मेटल येतं का ते आधीच शोध आणि येत असेल तर काम नाकार. शेवटी तीच 15 मिनिटांची चाचणी परत घे. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो मालकाला पाठव, पुढचं गिऱ्हाईक त्या फोटोंवरच येतं.

दुसरं काम क्लिप एडिटिंगचं. हजार-दोन हजार सबस्क्रायबरचे स्ट्रीमर रात्री तीन-तीन तास लाइव्ह असतात, पण त्यातून रील कापायला त्यांना वेळ नसतो. एकाच्याच स्ट्रीममधून एक नमुना 30 सेकंदांचा बनवून पाठव, फुकटात तेवढाच. मग पाच रीलचे 1,250 रुपये, निम्मे आधी, बदल दोनदाच. चांगले क्षण शोधायला अख्खा स्ट्रीम बघू नको. चॅट कुठे उसळली आणि आवाजाची रेघ कुठे उंच गेली ते बघ. उभ्या चौकटीत कापताना किल फीड (कोणी कोणाला मारलं ते दाखवणारी यादी) बाहेर जाते आणि बघणाऱ्याला कोण मेलं तेच कळत नाही, म्हणून ती वेगळी कापून वर चिकटव. मोबाइलच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये आवाज हळूहळू मागेपुढे सरकतो, कारण त्याचा फ्रेम रेट (दर सेकंदाला किती चित्रं) स्थिर नसतो. आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटची फाइल करून घे, मगच डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक. दोन्ही फुकट मिळतात. गाजलेलं गाणं मागे लावू नको, कॉपीराइटचा दावा आला की पैसे अडकतात. फायव्हर ही ऑनलाइन कामं मिळवून देणारी साइट 20 टक्के कापते आणि नव्या माणसाचे पैसे काम संपल्यावर 14 दिवस धरून ठेवते, म्हणून सुरुवात ओळखीतूनच कर.

स्वतःचं यूट्यूब चॅनल या तीन महिन्यांच्या हिशेबात धरू नको. जाहिरातींचा वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4,000 तास पाहिलं जाणं लागतं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज), आणि त्यानंतरही 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत.

आठवड्याला तीन लॅपटॉप म्हणजे खर्च जाऊन 1,320, वर पाच रीलचे 1,250. झाले 2,570. बारा आठवड्यांत 30 हजार निघतात, पण एकही आठवडा रिकामा गेला नाही तर. पहिले दोन तर गिऱ्हाईक शोधण्यातच जातील. म्हणून मित्राला तीन महिन्यांचा शब्द देऊ नको, पाच महिने माग आणि दर रविवारी जमेल तेवढं त्याच्या खात्यावर टाकत जा. हातात रक्कम साठू देऊ नको, ओढ अजून ताजी आहे.

मामाजींचं मात्र वेगळं आहे. त्यांचे पैसे जमेपर्यंत गप्प राहायचं तू ठरवलंयस, आणि मला वाटतं झोप त्यामुळेच उडालीय. त्यांच्याकडे जा, फोनवर नको. "मामाजी, ते 12 हजार फीसाठी नव्हते. मी जुगारात घालवले. महिन्याला हजार-हजार करून देतो, आईला मी स्वतः सांगीन, मला आठवडाभर द्या." एवढंच बोल. ते चिडतील, तेव्हा मित्रांची नावं पुढे करू नकोस. आईला मात्र त्याच आठवड्यात सांग, तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा याच दिवसांत येते. वेळापत्रक लागलं की पेपरच्या आठवडाभर आधीपासून शेवटच्या पेपरपर्यंत एकही लॅपटॉप उघडू नकोस. तेवढे दिवस हप्ता येणार नाही हे मित्राला आत्ताच सांगून ठेव.