तिचा पहिला मसुदा

प्रश्न : माझी मुलगी मुंबईतल्या एका कॉलेजात टीवायबीएला आहे. विषय राज्यशास्त्र, आतापर्यंतचा सीजीपीए 7.9. आम्ही आयआरमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात, मास्टर्स करायचं ठरवलं आहे. कन्सल्टंटमार्फत ब्रिटनमध्ये तीन ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एकूण खर्च 40 लाखांच्या घरात जाईल. बोरिवलीचा फ्लॅट तारण ठेवून कर्ज घ्यायची माझी तयारी आहे. मी मार्चमध्ये बँकेतून निवृत्त होतोय. मी स्वतः 1992 आणि 1993 मध्ये यूपीएससी दिली होती, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो. तिनं परराष्ट्र सेवेत किंवा युनोत जावं अशी इच्छा आहे. दोन्ही विद्यापीठांपैकी कुणाचं रँकिंग जास्त उपयोगी पडेल? डिपॉझिट भरायला 20 दिवस उरलेत. सोबत तिच्या एसओपीचे, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या निवेदनाचे, दोन्ही मसुदे जोडले आहेत, जुना आणि सुधारलेला.
– एक पालक, बोरिवली

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'आम्ही' या शब्दापाशी अडखळले. 'आम्ही मास्टर्स करायचं ठरवलं आहे.' पत्रात तुमची यूपीएससीची दोन वर्षं आहेत, तुमचा फ्लॅट आहे, तुमची निवृत्ती आहे. मुलीचा सीजीपीए आहे, पण तिचं एकही वाक्य नाही. ती मला सापडली ती तुम्ही जोडलेल्या जुन्या मसुद्यात. तो तुम्ही पाठवलात हे फार बरं झालं. तो नसता तर मी रँकिंगबद्दल चार ओळी लिहून मोकळी झाले असते.

काय आहे त्या जुन्या मसुद्यात? 2024 च्या जानेवारीत ती उरणला मामाकडे गेली होती. मामा न्हावाशेवा बंदरात सीएचएकडे, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाकडे, कामाला. रात्री जेवायला बसल्यावर त्याला निफाडहून फोन आला. द्राक्षांचा रीफर, म्हणजे शीतकरणाची सोय असलेला, कंटेनर युरोपात रॉटरडॅमला निघालेला, आणि तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू असल्यामुळे जहाज सुएझनं न जाता आफ्रिकेला वळसा घालून जाणार. दोन आठवडे जास्त, भाडंही वाढलेलं. तोवर माल टिकेल का, एवढंच पलीकडचा बागायतदार पुन्हा पुन्हा विचारत होता. मामानं ताट बाजूला सारलं आणि तो फोन घेऊन गॅलरीत गेला. पुढे तुमची मुलगी लिहिते की येमेनमधल्या एका गटानं डागलेलं क्षेपणास्त्र आणि निफाडचा शेतकरी यांच्या मध्ये नेमकी कितीजणं उभी आहेत आणि त्यातलं निर्णय कोण घेतं, हे तिला त्या रात्री कळलं नाही. मग तिनं वाचायला सुरुवात केली. समुद्राचा एखादा पट्टा युद्धाच्या जोखमीचा आहे हे लंडनच्या विमा बाजारात कसं ठरतं, भारतीय नौदलाच्या युद्धनौका तिथे गेल्या तर मग भारत अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत सामील का झाला नाही. दीड पानात तिनं हे सगळं मांडलंय. इंग्रजी जरा खडबडीत आहे, दोन ठिकाणी वाक्यं तुटली आहेत. पण ते पान वाचून मी खुर्चीत सरसावून बसले.

आता सुधारलेला मसुदा. सुरुवात 'लहानपणापासून मला जागतिक शांततेची ओढ आहे' या वाक्यानं. मग गांधीजी, मग वसुधैव कुटुंबकम्, मग युनो. मामा गेला, कंटेनर गेला, निफाड गेलं. इंग्रजी अगदी गुळगुळीत. अशी निवेदनं प्रवेश समित्यांपुढे ढिगानं येतात आणि वाचून बाजूला ठेवली की कुणाचं कुठलं ते आठवत नाही. तुम्ही कौतुकानं लिहिलंत की हा मसुदा कन्सल्टंटनं आणि तुम्ही मिळून 'वर आणला'. मला स्पष्ट बोलू द्या: तुम्ही दोघांनी मिळून तिला त्यातून काढून टाकलंत.

हे तुम्ही वाईट हेतूनं केलं नाहीत, याची मला खात्री आहे. मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत आलेल्या माणसाला ते दार आयुष्यभर दिसत राहतं. मुलगी राज्यशास्त्राकडे वळली तेव्हा तुम्हाला किती बरं वाटलं असेल याची मी कल्पना करू शकते. पण ज्या मुलीच्या शिक्षणासाठी बापाचं राहतं घर गहाण आहे, ती परदेशात गेल्यावर 'हा कोर्स मला जमत नाहीये' किंवा 'मला दुसरं काही करायचंय' असं फोनवर सांगूच शकत नाही. अशी मुलं मी पाहिली आहेत. ती घरी फोन करून सगळं छान चाललंय म्हणतात. तुमच्या प्रेमाचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवू नका.

एक समज मात्र आधी दूर करायला हवा, कारण तुमचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. आयआरची पदवी म्हणजे परराष्ट्र सेवेचं किंवा युनोचं तिकीट, हा तो समज. परराष्ट्र सेवेत जायचा सर्वसाधारण मार्ग यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा हाच आहे, आणि तिला कुठल्याही शाखेची पदवी चालते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पुढे परराष्ट्र सचिव झालेल्या निरुपमा राव यांनी एमए केलं ते इंग्रजी साहित्यात, आणि तेही आपल्या तेव्हाच्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातून. 1973 च्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. 2018 ते 2020 या काळातले परराष्ट्र सचिव विजय गोखले इतिहासाचे एमए. एस. जयशंकर यांनी जेएनयूत आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएचडी केली हे खरं, पण सेवेत येण्यासाठी परीक्षा त्यांनाही द्यावीच लागली. ब्रिटनचं किंवा अमेरिकेचं परराष्ट्र खातं तर राजनयिक म्हणून आपापले नागरिकच घेतं. राहिली युनो. तिथल्या ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसरच्या जागांचा खर्च मुख्यतः श्रीमंत देश उचलतात, आणि बऱ्याचदा आपल्याच नागरिकांसाठी. यंग प्रोफेशनल्स प्रोग्रामला वयाची अट 32 आणि तो त्या वर्षी यादीत असलेल्या देशांच्या नागरिकांनाच खुला असतो. युनोच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी. युनोत भारतीय आहेत, भरपूर आहेत. पण त्यातले बरेच जण आरोग्य, कायदा, अर्थशास्त्र, लेखा, वाहतूक असं एखादं कसब हाताशी घेऊन, काही वर्षं काम करून तिथे पोचलेत.

आता पैसे. तुम्ही बँकेतले, तरी हा आकडा तुमच्या पत्रात नाही. 40 लाख, 11 टक्के, 10 वर्षं म्हणजे महिन्याला साधारण 55 हजारांचा हप्ता, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळं. भारतात परतून एखाद्या धोरण-अभ्यास संस्थेत संशोधन सहायक म्हणून लागलेल्या मुलीचा सुरुवातीचा सगळा पगार त्या हप्त्यात जाईल, कदाचित पुरणारही नाही. मग हप्ता कोण भरणार? तुमची पेन्शन. कन्सल्टंट हे सांगणार नाही. त्याला बहुधा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. किती आणि कुणाकडून, हे त्याला सरळ विचारा.

रँकिंगचं उत्तर : दोन्हीतलं कुठलंच नको, निदान यंदा नको. डिपॉझिट भरू नका.

रँकिंगची यादी बाजूला ठेवून तुम्ही दोघं दोन्ही कोर्सची पानं उघडा आणि तिथे शिकवतं कोण ते बघा. सागरी सुरक्षा, पश्चिम आशिया, निर्बंध, व्यापार यांवर काम करणारं कुणी आहे का? नसेल तर तिच्या प्रश्नाला त्या कोर्समध्ये जागाच नाही. आयआर या एका नावाखाली फार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला आयआरचा एमएस्सी वर्षभराचा आणि सिद्धांताकडे झुकलेला. अमेरिकेतली फ्लेचर, जॉन्स हॉपकिन्सची साइस, कोलंबियाची सिपा ही कामावर नेमायला माणसं घडवणारी, मुख्यतः दोन वर्षांची व्यावसायिक शाळा; खर्च दीड कोटीच्या आसपास सहज जातो. सिंगापूरचं एस. राजरत्नम स्कूल आशियाच्या सुरक्षेवर जोर देतं. कुठलं चांगलं हे मी सांगू शकत नाही, कारण तिला काय शोधायचंय त्यावर ते अवलंबून आहे. आणि तिला काय शोधायचंय ते तुम्ही खोडलेल्या पानावर आहे.

भारतातलं थोडक्यात : जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आणि पाँडिचेरी विद्यापीठ यांच्यासाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा, साधारण मार्चमध्ये, दिल्लीच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र, कोलकात्याच्या जादवपूरमध्ये या विषयाचा जुना, मानाचा विभाग आहे, आणि कालिन्याला मुंबई विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहेच. जेएनयूत पश्चिम आशिया, आफ्रिका, रशिया आणि मध्य आशिया अशी वेगवेगळी केंद्रं आहेत, फी नाममात्र. 'दिल्लीला गेलं तर फॉरेन कुठे झालं', असं तुमच्या घरात कुणी म्हणेल. म्हणू द्या.

यापुढचं मुलीशी बोलते. तिला वाचायला द्या.

बाळा, तुझं पान मी वाचलं. तुझा विषय तुझ्या शहरातच आहे, हे तुला कुणी सांगितलंय का? परदेशी सरकारांना भारताच्या वतीनं कर्जं देणारी एक्झिम बँक कफ परेडला आहे. परदेशी बँकांची जी मोठी ऑफिसं गोरेगाव-मालाडला आहेत, तिथे कुठल्या देशाशी, कुठल्या जहाजाशी व्यवहार करायचा नाही हे दिवसभर तपासणारी माणसं बसतात. सागरी विमा, फ्रेट फॉरवर्डिंग म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था बघणाऱ्या कंपन्या, न्हावाशेवा, परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करणारं कुलाब्याचं गेटवे हाउस. यांतल्या कुठेतरी शिरकाव करून घे. मामाच्या ऑफिसात सहा महिने बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) आणि शिपिंग बिलं हाताळलीस तरी चालेल. ती कागदपत्रं ज्याला वाचता येतात असा आयआरचा विद्यार्थी विरळा.

सीयूईटीचा फॉर्म भर. जेएनयू मिळालं तर जा. नाही मिळालं तर दोन वर्षं नोकरी कर आणि ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज कर. ब्रिटनमधलं वर्षभराचं मास्टर्स, फी आणि राहण्याचा खर्च त्यात येतो. मात्र दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा, कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. फोर्टातल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटचीही चौकशी करून ठेव. 1892 पासून ते परदेशी शिकायला जाणाऱ्यांना कर्ज-शिष्यवृत्ती देतात. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन टाटांच्याच शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले होते.

आणि भाषा. तुझ्या विषयाला अरबी सगळ्यात जवळची. ती जमणार नसेल तर न्यू मरीन लाइन्सला अलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच सुरू कर. लोकलच्या रोजच्या धक्काबुक्कीतही तेवढा वेळ निघतो. यूपीएससी द्यायची की नाही हे तू ठरव. द्यायची म्हणालीस तर बाबांइतका चांगला शिक्षक तुला क्लासमध्ये मिळणार नाही. नको म्हणालीस तर तेही त्यांना तोंडावर सांग, चिठ्ठी लिहून नको.

एसओपीसाठी जुनंच पान घे. इंग्रजी कुणाकडून तरी तपासून घे, पण आशयाला हात लावू देऊ नकोस. त्यात एकच गोष्ट राहून गेली आहे. मामाला फोन कर आणि विचार, त्या कंटेनरमधल्या द्राक्षांचं शेवटी काय झालं.